ध्यानाने ताण किती उतरतो?

देवगड तालुक्यात ताणालाही हंगाम असतो. थंडी वेळेवर पडली नाही की हापूसचा मोहोर लांबतो. मोहोर आला की तुडतुडे, त्यामागून फुलकिडे, आणि प्रत्येक फवारणीगणिक वाढणारं औषधांचं बिल. फळ सुपारीएवढं झालं की अवकाळी पावसाची धास्ती, आणि पेट्या वाशीला रवाना झाल्या की दर काय फुटतो याची. मच्छीमारांचं गणित वेगळं आहे. १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद, आणि चालू हंगामात पर्ससीन व एलईडीवाल्या बोटींशी पारंपरिक मच्छीमारांचा वर्षानुवर्षांचा झगडा. कुणकेश्वराची महाशिवरात्रीची जत्रा या सगळ्याच्या ऐन मध्यावर येते. गावोगावचे देव तरंग-पालख्यांसह तीर्थस्नानाला समुद्रावर उतरतात, लाखभर माणूस लोटतं, आणि दोन-तीन दिवसांनी बागायतदार पुन्हा फवारणीच्या पंपाशी.

याच किनाऱ्यावर हल्ली 'मनःशांती' विकायलाही आहे. पहाटे वाळूत योगासनं, सूर्यास्ताला ध्यान, मधे मासळीचं जेवण असा बेत पर्यटनाच्या जाहिरातींत दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ६ डिसेंबर २०२४ रोजी ठराव करून २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस ठरवला, त्यामुळे शाळा-कार्यालयांत आणखी एक दिवस साजरा होऊ लागला. तेव्हा डोळे मिटून बसल्याने ताण उतरतो का, उतरत असेल तर किती, कुणाचा आणि कशाच्या तुलनेत, याचा हिशेब मांडून पाहायला हरकत नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या प्रश्नावर भरपूर काम झालं आहे. त्यातलं बरंचसं कच्चं आहे, थोडं पक्कं आहे, आणि पक्कं म्हणावं असं जे आहे ते भक्तांना आणि टीकाकारांना सारखंच अडचणीचं आहे.

लोणावळ्यापासून बोस्टनपर्यंत

जुन्या साधनांचा उद्देश ताणमुक्ती हा नव्हताच. पातंजल योगात ध्यान हे आठांपैकी सातवं अंग, आणि त्याचं टोक कैवल्याकडे. बौद्ध परंपरेत रोख दुःखाच्या मुळावर. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अभ्यासयोगाचं जे सविस्तर वर्णन येतं तेही या वाटेवरचं. आणि याच सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या बांद्याचे नाथपंथी संतकवी सोहिरोबानाथ आंबिये अठराव्या शतकात योगावर लिहीत होते, तेव्हा त्यांच्यासमोर रक्तदाबाचा रुग्ण नव्हता. 'ताण' ही वैद्यकीय कल्पनाच मुळात विसाव्या शतकातली. हान्स सेली यांनी 'नेचर'मध्ये त्यावरचं पहिलं छोटं टिपण छापलं ते १९३६ साली.

त्याच्याही बारा वर्षं आधी, १९२४ मध्ये, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं होतं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिकही. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचं मूळ नाव. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडतं, दाब किती बदलतो, क्ष-किरणात काय दिसतं, हे मोजून छापण्याचा त्यांचा आग्रह होता. साधकाच्या अनुभवाला उपकरणाची साक्ष जोडायची ही कल्पना महाराष्ट्रातून निघाली, याचा उल्लेख इंग्रजी आढाव्यांत फारसा नसतो, म्हणून इथे मुद्दाम केला. कुवलयानंदांचा भर मात्र आसन-प्राणायाम-क्रियांवर अधिक होता. नुसत्या ध्यानाकडे प्रयोगशाळा वळली ती नंतर. १९६१ मध्ये आनंद, छिन्ना आणि बलदेव सिंग यांनी दिल्लीत योग्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या. १९७० मध्ये रॉबर्ट कीथ वॉलेस यांचा भावातीत ध्यानावरचा निबंध 'सायन्स'मध्ये आला. आणि १९७५ मध्ये हार्वर्डचे हृदयविकारतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी 'रिलॅक्सेशन रिस्पॉन्स' हे पुस्तक लिहून सांगितलं की मंत्र कोणताही चालेल, शरीर शिथिल होण्याची यंत्रणा एकच आहे.

पहिला गंभीर आक्षेपही त्याच काळातला. १९८४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड होम्स यांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. ध्यान करताना नाडी, श्वास, घाम हे सगळं खाली येतं हे खरं, पण खुर्चीत नुसतं स्वस्थ बसलेल्या माणसाचंही ते तितकंच खाली येतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. 'कशाच्या तुलनेत?' हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्राच्या मानगुटीवर बसला आहे.

इगतपुरीचा फेरा

महाराष्ट्रात ध्यानाचा सर्वांत मोठा संघटित प्रवाह विपश्यनेचा. सत्यनारायण गोयंका १९२४ साली ब्रह्मदेशात मंडालेला जन्मले, व्यापारी घराण्यात. तीव्र अर्धशिशीवर मॉर्फीन घ्यावं लागत होतं, त्यातून सुटका म्हणून ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन यांनी आधी नकार दिला. नुसती डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, हा त्यांच्या सांगण्याचा आशय. डोकं दुखायचं थांबलं तर तो आनुषंगिक लाभ. ताणमुक्तीच्या आजच्या बाजारात बसून ही हकिकत वाचली की गंमत वाटते, कारण गुरूने नेमकं तेच गिऱ्हाईक परतवलं होतं.

१९६९ मध्ये गोयंका भारतात आले आणि पहिलं शिबिर मुंबईत झालं. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर नियमित शिबिरं सुरू झाली. दहा दिवसांचं वेळापत्रक असं: पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, मधे न्याहारी आणि अकराचं जेवण, संध्याकाळी पाचला नव्या साधकाला चहा-फळं, रात्री प्रवचन, नऊच्या सुमारास झोप. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, फोन जमा. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्यांखाली आणि वरच्या ओठावर येणारा-जाणारा श्वास जाणवतो तेवढ्याच जागेवर लक्ष. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहत जायचं, आणि ठरावीक तासांना हातपाय, डोळे न हलवता बसायचं. शेवटी मंगलमैत्री, म्हणजे सगळ्यांच्या भल्याची भावना. फी नाही, दान द्यायचं ते शिबिर पूर्ण झाल्यावर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुडघे आणि पाठ काय म्हणतात ते बसलेल्यालाच कळतं, आणि सहाव्याच्या आसपास बॅग भरण्याची इच्छा कित्येकांना होते.

महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना शिबिरासाठी रजेची सवलत दिली, तुरुंगांत शिबिरं झाली, आणि 'मित्र उपक्रमा'तून शाळांमध्ये आनापानाची दहा मिनिटं आली. राज्याने ध्यानाला एवढी सरकारी जागा दिल्यावर पुराव्याचा प्रश्न वैयक्तिक आवडीनिवडीपुरता राहत नाही.

याच प्रवाहाचा एक फाटा बाहेर गेला. बोधगयेत गोयंकांकडे शिकलेल्या शॅरन साल्झबर्ग आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात बॅरे इथे केंद्र उभारलं. १९७९ मध्ये तिथल्याच एका शिबिरात जॉन कबाट-झिन यांना रुग्णालयातल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुचला. त्यांच्यावर झेनचे आणि हठयोगाचेही संस्कार होते, पण मुख्य धागा हा. तो अभ्यासक्रम म्हणजे एमबीएसआर, आजच्या 'माइंडफुलनेस'चा उगम. त्यातून धर्म काढला, कर्म-पुनर्जन्म काढले, मौन शिथिल केलं, आणि आठवड्यातून अडीच तासांचा वर्ग अधिक घरचा अभ्यास असा साचा घातला. हाच साचा मोबाइल अॅपमधून पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत परत आला.

आकडे काय म्हणतात

सगळ्यात जास्त उद्धृत होणारी तपासणी २०१४ ची. जॉन्स हॉपकिन्सचे माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी साडेअठरा हजारांहून अधिक संदर्भ चाळून ४७ चाचण्या निवडल्या, एकूण ३,५१५ माणसांच्या. निवडीची मुख्य अट कडक होती: तुलनेच्या गटालाही तितकाच वेळ आणि तितकंच लक्ष मिळालेलं हवं. यातून चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक सुधारणा दिसली. चिंतेवरचा परिणाम आठ आठवड्यांनंतर ०.३८ आणि तीन ते सहा महिन्यांनंतर ०.२२. संख्याशास्त्राच्या भाषेत हा लहान ते मध्यम परिणाम. गंमत अशी की ज्या एका गोष्टीसाठी लोक ध्यानाकडे वळतात, तो 'ताण', त्याबद्दलचा पुरावा मात्र या लेखकांना कमजोर वाटला. मंत्रजपाच्या पद्धतींबद्दल तर काही ठाम बोलावं इतक्या चांगल्या चाचण्याच नव्हत्या. आणि व्यायाम, औषध किंवा वर्तनोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे असं कुठेही आढळलं नाही.

हे वाचून ध्यानाच्या बाजूचे नाराज होतात. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. औषधाइतकाच परिणाम आणि दुष्परिणाम कमी, हे काय थोडं झालं? एलिझाबेथ होगे यांच्या गटाने २०२२ अखेर प्रसिद्ध केलेली चाचणी त्यांच्या मदतीला येते. चिंताविकार असलेल्या २७६ प्रौढांपैकी निम्म्यांना एमबीएसआर, निम्म्यांना एस्सिटालोप्रॅम हे सर्रास दिलं जाणारं औषध. आठ आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. किमान एक त्रास झाल्याची नोंद औषधाच्या गटात सुमारे ७९ टक्क्यांत होती, ध्यानाच्या गटात सुमारे १५ टक्क्यांत. मात्र 'औषधापेक्षा कमी नाही' याचा अर्थ 'औषध सोडा' असा नव्हे. शिवाय कोणत्या गटात आपण आहोत हे लपवणं इथे शक्यच नव्हतं, आणि रोज पाऊण तास अभ्यास करायला तयार असलेली माणसंच अशा चाचणीत येतात.

मुलांच्या बाबतीत चित्र आणखी निराळं. ब्रिटनमधल्या 'मिरियड' चाचणीत ८५ शाळा आणि आठ हजारांहून अधिक विद्यार्थी होते. २०२२ मध्ये निकाल आला: शाळेत शिकवलेला माइंडफुलनेस नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा सरस ठरला नाही. बहुतेक मुलांनी घरी अभ्यास केलाच नाही, हेही त्याच अहवालात आहे. शिक्षकांना मात्र थोडा फायदा झाला. ब्रिटिश वर्गातलं जसंच्या तसं आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला लागू होणार नाही हे मान्य. पण 'मित्र'सारख्या उपक्रमाचा आढावा घेणाऱ्याने हा निकाल बाजूला सारून चालणार नाही.

हृदयाच्या डॉक्टरांची भूमिका सावध आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ च्या निवेदनात म्हटलं की ध्यानाचा धोका कमी आणि खर्चही कमी, तेव्हा नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून त्याचा विचार करता येईल. जोड म्हणून, बदली म्हणून नाही.

मेंदूबद्दल थोडक्यात. २००५ मध्ये सारा लझार यांनी अनुभवी साधकांच्या मेंदूच्या काही भागांची जाडी अधिक असल्याचं दाखवलं, आणि 'ध्यानाने मेंदू बदलतो' ही बातमी जगभर झाली. २०२२ मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस'मधल्या अभ्यासात, २१८ जणांवर नीट तुलनागट ठेवून तपासलं, तेव्हा आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाने मेंदूच्या रचनेत फरक दिसला नाही. वर्षानुवर्षं बसणाऱ्यांचं कदाचित वेगळं असेल. पण व्याख्यानात स्लाइडवर रंगीत मेंदू दाखवून 'विज्ञानाने सिद्ध केलं आहे' म्हणणं, निदान नवशिक्यांच्या बाबतीत, आता सोडायला हवं.

दोन प्रकारचे आक्षेप

पहिला आक्षेप इजेचा. ध्यानाने कुणाला त्रासही होतो का, हे बराच काळ कुणी विचारलंच नाही. मिगेल फारियास आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ८३ अभ्यास एकत्र केले. अनिष्ट अनुभवांचं सरासरी प्रमाण ८.३ टक्के निघालं, त्यात चिंता आणि नैराश्य सर्वाधिक. मानसोपचाराच्या इतर पद्धतींतही साधारण इतकंच प्रमाण आढळतं असं त्यांनी नमूद केलं, म्हणजे घबराट पसरवायचं कारण नाही. पण आधीपासून मनोविकार असलेल्या, किंवा जुना मोठा आघात उरी बाळगणाऱ्या माणसाला दहा दिवस मौनात स्वतःसोबत एकटं ठेवणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. विपश्यनेच्या नियमावलीतच गंभीर मानसिक विकार असलेल्यांनी शिबिर करू नये अशी सूचना आहे. परंपरेलाही हे ठाऊक होतं. गुरूशिवाय साधना नको, हा जुना दंडक निव्वळ गुरूचं महत्त्व वाढवण्यासाठी नसावा.

दुसरा आक्षेप सामाजिक. रोनाल्ड पर्सर यांनी २०१९ च्या 'मॅकमाइंडफुलनेस' या पुस्तकात तो जोरकसपणे मांडला: ताण व्यवस्थेतून येतो आणि इलाज मात्र व्यक्तीच्या गळ्यात बांधला जातो. कंपनी कामाचे तास कमी करत नाही, ध्यानाचं अॅप देते. हा आक्षेप कोकणात लावून पाहिला तर तो पोकळ वाटत नाही. अवकाळीत मोहोर गळालेल्या बागायतदाराला पीकविम्याची भरपाई हवी आहे, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराला बारा सागरी मैलांच्या आत घुसणारी एलईडीची बोट अडवायला गस्त हवी आहे. श्वासावर लक्ष ठेवल्याने यातलं काही होणार नाही.

यावर दुसऱ्या बाजूचं उत्तरही सरळ आहे. भरपाई येईस्तोवर माणसाला झोप तर लागली पाहिजे. रात्रभर जागा राहून चिडचिड करणारा, बाटलीकडे वळलेला माणूस पंचनाम्याच्या वेळीही नीट उभा राहू शकत नाही. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. माझ्या मते वाद ध्यानाचा नसून ते कोण, कुणाला, कशाऐवजी सुचवतो याचा आहे. भरपाईच्या मागणीला 'मन शांत ठेवा' हे उत्तर मिळालं तर आक्षेप पूर्ण खरा ठरतो.

टाळ, जपमाळ आणि सहाचा आकडा

कोकणातलं सामूहिक नामस्मरण या संशोधनात जवळपास नाहीच, आणि मला ही मोठी उणीव वाटते. सिंधुदुर्गातल्या बहुतेक वाड्यांत भजनमंडळ असतं. देवळात अखंड हरिनाम सप्ताह बसला की वाडीवार पहारे लागतात. रात्री दोनचा पहारा ज्यांच्या वाट्याला येतो ते डोळे चोळत येतात आणि टाळ हातात घेतात. एकच नाम, एकच ठेका, तासन् तास. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळची रोझरी हाही याच जातीचा प्रकार.

या विषयावरचं सर्वांत उद्बोधक काम इटलीतून आलं. लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलेल्या प्रयोगात २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली रोझरी आणि 'ॐ मणिपद्मे ॐ' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वासाचा वेग मिनिटाला सहाच्या आसपास उतरला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चपळ झाली. म्हणजे ओळीची लांबीच अशी की ती म्हणताना दम आपोआप लांबतो. प्रयोग लहान आहे, आणि निरोगी माणसांवरचा आहे. त्यातून रक्तदाबाच्या रुग्णाने गोळी बंद करावी असं काही निघत नाही. पण शांत बसण्याखेरीज संथ, लयबद्ध उच्चारातूनही शरीर तिथेच पोचतं, हे त्यातून दिसतं. मग सप्ताहातला पहारा, हरिपाठ, संथ अभंग यांचं मोजमाप का होऊ नये? डबलबारी मात्र यात धरू नये. दोन बुवांची जुगलबंदी रंगली की श्रोत्याची नाडी खाली येण्याऐवजी वरच जाते, आणि त्यातच तिची मजा आहे.

शिवाय भजनात एक गोष्ट अशी आहे जी अॅपमध्ये नाही: शेजारी. परिणाम श्वासाचा किती आणि चार माणसांत बसण्याचा किती, हे वेगळं काढणं संशोधकाला अवघड जातं. विपश्यनेतही ही गुंतागुंत आहेच. दहा दिवस फोन नाही, दारू-तंबाखू नाही, पहाटे उठणं, हलकं जेवण. यातलं कशाने बरं वाटलं?

जे सुटलेलं नाही

'ध्यान' या एका नावाखाली श्वासावर एकाग्रता, संवेदनांचं निरीक्षण, मंत्र, मैत्रीभावना अशा बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जातात. त्या वेगळ्या केल्या तर आकडे बदलतील का, हा पहिला खुला प्रश्न. निकोलस व्हॅन डॅम आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याच गोंधळाबद्दल आपल्याच क्षेत्राचे कान उपटले होते. दुसरा प्रश्न मात्रेचा: रोज दहा मिनिटं आणि वर्षातून दहा दिवस यांची तुलना कशी करायची? तिसरा टिकाऊपणाचा. बहुतेक चाचण्या आठ आठवड्यांत किंवा फार तर सहा महिन्यांत संपतात, आणि मधेच सोडून गेलेल्यांना काय झालं ते कुणी विचारत नाही.

चौथा प्रश्न आपल्या जवळचा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या सुमारे १०.६ टक्के प्रौढांना तेव्हा कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून सिंधुदुर्गाचा आकडा त्यातून काढता येत नाही. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. कुणकेश्वरच्या माणसाला त्यातलं सर्वांत जवळचं रत्नागिरीचं. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे, त्यावर मराठीतून बोलता येतं. अशा परिस्थितीत ध्यान ही पहिली पायरी ठरते की एकमेव, यावर बरंच अवलंबून आहे. पहिली असेल तर ती स्वस्त आणि चांगली आहे. एकमेव असेल तर ज्याला औषधाची गरज आहे त्याचे महिने वाया जाऊ शकतात.

आणि शेवटी शिकवणाऱ्याचा प्रश्न. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. आयुष मंत्रालयाचं योग प्रमाणन मंडळ योगशिक्षकांना प्रमाणपत्र देतं, पण ते सक्तीचं नाही. ध्यान शिकवायला कसलीच अट नाही. इगतपुरीत निदान अर्जावर आधीच्या मानसिक आजाराबद्दल विचारलं जातं. समुद्रकिनाऱ्यावर शनिवार-रविवारचं शिबिर भरवणाऱ्याने पाहुण्याला हे विचारायचं, आणि उत्तर 'हो' आलं तर पुढे काय करायचं, हे ठरवणारा कोणताही नियम आज अस्तित्वात नाही.